चिटणीस, पाथरवट आणि यंत्र

आपले म्हणणे चार लोकांपुढे नीट मांडावे, ते त्यांना थोड्या वेळात कळावे आणि कळल्यावर ध्यानात राहावे, ही इच्छा राजापासून कारकुनापर्यंत सर्वांना सारखीच असते. साधने मात्र काळाप्रमाणे बदलतात. आजच्या कचेरीत हे साधन म्हणजे स्लाईड. आढावा बैठक असो, प्रशिक्षणवर्ग असो की परगावच्या महाराष्ट्र मंडळातील शिवजयंतीचे व्याख्यान असो, पडद्यावर चौकटी उमटल्यावाचून वक्त्याने तोंड उघडू नये, असा जणू दंडक झाला आहे. त्यातच सन २०२३ पासून एक नवी सोय हाती आली. विषयाचे नाव एका ओळीत टंकावे आणि मथळे, मुद्दे, चित्रे यांसह सबंध स्लाईडसंच दोन-चार मिनिटांत तयार व्हावा, अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निघाली. यांपैकी कोणते चांगले, हा प्रश्न आता मराठी मंडळी जेथे जमतात तेथे हटकून निघतो.

या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या तक्त्यावरून देता येईल. पण तो तक्ता सहा महिन्यांत शिळा होतो. आम्हांस हे उत्तर तंजावरच्या इतिहासातून शोधणे अधिक सोयीचे वाटते. कारण एकाच राजाच्या कारकिर्दीत मांडणीची अनेक साधने येथे हाताळली गेली आणि त्यांतील बहुतेकांचे अवशेष आजही डोळ्यांनी पाहता येतात.

हा राजा म्हणजे दुसरा सरफोजी. जन्म १७७७ चा. तुळजाजीने त्याला १७८७ मध्ये दत्तक घेतले. परंतु गादीवर बसला अमरसिंह. सरफोजीला राज्य मिळाले ते १७९८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, ठरीव नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, मुलूख नाही, तह करण्याचा अधिकार नाही. अशा राजाने काय करावे? सरफोजीने ग्रंथ जमविले, पाठशाळा काढल्या, वैद्यकाचे प्रयोग करविले आणि जे सांगावयाचे ते टिकेल अशा रीतीने मांडण्याचा ध्यास घेतला. सत्ता गेलेल्या माणसाला आपली हकीकत आपणच सांगून ठेवण्याची निकड अधिक असते, हे या सर्व उद्योगामागचे सूत्र आहे असे आमचे मत आहे.

पहिले साधन दगड. बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्य भागातील भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत कोरलेला आहे. सन १८०३ मधील हे काम. मजकूर सिद्ध केला बाबुराय या चिटणिसाने, कोरला पाथरवटांनी. एवढा विस्तृत मराठी शिलालेख दुसरा नाही. चोळांच्या देवळात, तमिळ भाषेच्या भर वस्तीत, मराठी राजाने आपल्या घराण्याची बखर भिंतीवर मांडली. ज्यास वाचता येत नव्हते त्यालाही, येथे कोणीतरी काही महत्त्वाचे सांगून गेला आहे, एवढे त्या ओळींच्या रांगा पाहून कळत असले पाहिजे.

दुसरे साधन छापखाना. नवविद्याकलानिधि या नावाने सरफोजीने विद्येचे जे काम उभारले, त्यात देवनागरी खिळ्यांचा छापखानाही होता. सन १८०६ मध्ये तेथून इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती आणि मराठी छापखान्याचे तेथे नावही नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या छोट्या पुस्तकाचे मोल कळते. दगडावरचा मजकूर वाचावयास माणसाला दगडाकडे जावे लागते. छापलेले पान माणसाकडे जाते.

तिसरे साधन रंगभूमी. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरफोजीच्या नावावर आहे. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजीण येते आणि गाण्यांतून बोलते. सरफोजीने या कुरवंजिणीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. खंड कोणते, देश कोणते, हे ती गाऊन सांगते. युरोपातून आलेली नवी विद्या, तमिळ देशातला नाट्यप्रकार आणि मराठी भाषा यांचा असा संगम त्या काळी अन्यत्र क्वचितच झाला असेल.

चौथे साधन चित्र. सरफोजीच्या नेत्रवैद्यकाची कागदपत्रे सरस्वती महालात जतन केलेली आहेत. त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे असून सोबत रोगाची आणि उपचाराची हकीकत आहे. चित्र पाहून हकीकत पटते आणि हकीकत वाचून चित्र कळते. उत्तम स्लाईडचे लक्षण विचाराल तर हेच, आणि ते येथे दोनशे वर्षांपूर्वीच साधलेले आहे.

या चौघांत आणखी एका साधनाची भर घातली पाहिजे. ते राजाने निर्माण केले नाही, पण त्याचा प्रवास तंजावरवरूनच झाला. ते म्हणजे कीर्तन. रामदासी मठांमुळे मराठी कीर्तनाला येथे घर होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची घडण उचलून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. नमन, पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात त्या सिद्धांताला पोषक आख्यान, हा कीर्तनाचा साचा. साचा ठरलेला असूनही कोणतीही दोन कीर्तने सारखी होत नाहीत. कारण बुवाने निरूपणाला कोणते पद घेतले आणि त्याला कोणते आख्यान जोडले, यावर सारा रंग अवलंबून असतो.

खुद्द महाराष्ट्रात चित्रे पुढे ठेवून कथा सांगण्याची परंपरा निराळी चालत होती. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेका आख्यानाच्या चित्रांची पोथी बाळगतात. एक चित्र दाखवावयाचे, त्याची कथा गावयाची, मग दुसरे उचलावयाचे. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखविण्याचे खेळ सुरू केले आणि त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. चित्रपट येण्यापूर्वी मराठी प्रेक्षकांनी पाहिलेल्या या खऱ्याखुऱ्या स्लाईडच होत. चित्रकथी काय किंवा पटवर्धन काय, चित्र हे बोलणाऱ्याच्या मदतीस होते. बोलणारा गप्प बसला तर चित्र मुके होते.

हा संबंध उलटा झाला तो आपल्या डोळ्यांदेखत. सन १९८७ मध्ये अमेरिकेतील फोरथॉट या लहान कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉईंट विक्रीस आणले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे मुख्य कर्ते. प्रारंभी त्याचे काम एवढेच होते की, प्रकाशयंत्रावर ठेवावयाच्या पारदर्शक पट्ट्या हाताने न काढता संगणकावर काढता याव्यात. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी एक कोटी चाळीस लक्ष डॉलरना घेतली. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यात एक ‘ऑटोकंटेंट विझार्ड’ आला. वाईट बातमी सांगावयाची आहे, माल खपवावयाचा आहे, असे प्रसंग निवडले की तो तयार मथळ्यांचा सांगाडा पुढे करी. सन २००७ च्या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा पूर्वज शोधावयाचा तर तो हाच. फरक इतकाच की, विझार्ड सांगाडा देऊन थांबे. आजचे साधन त्यावर मांसही चढविते.

सांगाडा हाती आला म्हणजे विचार आपोआप होतो, या समजुतीची किंमत एकदा फार भयंकर पडली. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडताना टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा विचार स्लाईडांवर मांडून वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांतील एका स्लाईडवर दिलासा देणारा मथळा वर होता आणि कळीची गोष्ट तळाशी होती: पूर्वी ज्या तुकड्यांवर चाचण्या झाल्या ते ३ घन इंचांचे, आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा १,९२० घन इंचांचा असावा. म्हणजे ६४० पट मोठा. बारीक अक्षरांच्या उतरंडीत ते वाक्य दिसेनासे झाले. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताचे मूळ कारण स्लाईड नव्हती. परंतु तांत्रिक अहवालांऐवजी स्लाईडांवर भिस्त ठेवण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्पष्ट ठपका ठेवला. एडवर्ड टफ्टी या विद्वानाने त्या एका स्लाईडची जी चिकित्सा केली, ती प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आजच्या साधनांकडे वळू. त्यांचे स्थूल मानाने चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात जुन्या घरात आलेले नवे भाडेकरू. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट पॉवरपॉईंटमध्येच राहतो. नोव्हेंबर २०२३ पासून तो मोठ्या संस्थांना मिळू लागला. आपला वर्डमधील अहवाल त्याच्या स्वाधीन केला की त्याच्या स्लाईड तो करून देतो. गूगलचा जेमिनी तेच काम गूगल स्लाईड्समध्ये करतो. ज्यांची कचेरी आधीच या घरांत राहते त्यांना हे सोयीचे. फाईल नेहमीच्या रूपातच राहते आणि हवी तशी दुरुस्त करता येते. दुसऱ्या वर्गात नव्याने बांधलेली घरे. त्यांत गॅमा हे नाव अधिक ऐकू येते. हे साधन प्रथम रूपरेषा दाखविते, तीत फेरफार करू देते आणि मग चौकटी भरते. आपण दिलेला मजकूर जसाच्या तसा ठेवण्याची निवडही त्यात आहे. ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिसरा वर्ग सजावटकारांचा. कॅनव्हा आणि ब्युटिफुल डॉट एआय यांचे लक्ष मजकुरापेक्षा रूपाकडे अधिक. कॅनव्हात तयार नमुने विपुल. ब्युटिफुलमध्ये मजकूर कमीजास्त झाला की चौकट आपोआप सावरते. चौथा वर्ग आधाराला बांधून घेणाऱ्यांचा. गूगलच्या नोटबुकएलएमला आपण कागदपत्रे द्यावयाची आणि त्याने त्यांच्याच आधारे, कोठून घेतले ते दाखवीत, उत्तर द्यावयाचे. सन २०२५ च्या अखेरीस त्यात स्लाईडसंच करण्याची सोय आली.

आणखी एक नाव घेणे अवश्य आहे. टोम हे साधन २०२२ मध्ये निघाले, अल्पावधीत गाजले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या चालकांनी स्लाईडचे काम बंद केले. तीन वर्षांत उदय आणि अस्त! बाबुरायाचा मजकूर दोन शतकांहून अधिक काळ भिंतीवर उभा आहे. साधन कोणतेही घ्या, आपला मजकूर आपल्याजवळ निराळा ठेवा, हा धडा यातून मिळतो.

परंतु दगड टिकला म्हणून त्यावरील सारेच खरे, असे मात्र समजू नये. त्या शिलालेखातही घराण्याच्या मूळपुरुषांविषयी परंपरेने आलेल्या कथा आहेत आणि इतिहासकाराला त्या अन्य पुराव्याशी ताडून पाहाव्या लागतात. चूक असली तर ती चिटणिसाची किंवा त्याच्या परंपरेची, पाथरवटाची नव्हे. पाथरवटाने दिले ते कोरले. खिळे जुळविणाऱ्याने दिले ते छापले. पटवर्धनांच्या दिव्याने काचेवर होते तेच मोठे केले. गॅस्किन्सच्या पॉवरपॉईंटनेही लिहिले तेच दाखविले. मांडणीची सारी साधने आजवर दिलेले मांडीत आली. न दिलेलेही मांडणारे साधन मानवाच्या हाती प्रथमच आले आहे, आणि या साधनांची तुलना करताना पाहावयाचे ते हेच.

यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. ही यंत्रे अफाट मजकुरावर शिकविलेली असतात आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येणे संभवनीय, या हिशेबाने ती वाक्य जुळवितात. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे तेथे संभवनीय आणि सत्य ही बहुधा एकत्र नांदतात. जेथे थोडे लिहिले गेले आहे तेथे त्यांची फारकत होते. तंजावर हा असा विषय आहे. येथील राजांत दोन एकोजी, दोन सरफोजी, दोन तुळजाजी. शेवटच्या राजाचे नाव तर शिवाजी, आणि १८५५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले. नावांच्या या गर्दीत एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरी जाण्यास वेळ लागत नाही. शिवाय या राज्याचे पुष्कळसे दफ्तर मोडी लिपीत आहे. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये. पण अक्षरांना क्रमांक मिळाल्याने रुमालांतील कागद वाचले जात नाहीत. न वाचलेला कागद यंत्राच्या शिकवणीत येणार कोठून? आणि तो आला नाही म्हणून यंत्र गप्पही बसत नाही. रिकामी जागा ते सफाईने भरते. भरलेली जागा आणि साधार जागा पडद्यावर सारखीच ठळक दिसते.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. या भाताला ती लागू नाही. नऊ शिते शिजलेली निघतील आणि दहावे खडा असेल.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दुसऱ्या सरफोजीवर स्लाईड करा म्हटले की पाच मुद्दे येतात: ग्रंथालय, छापखाना, वैद्यक, नाटक, शिलालेख. पाचही खरे. पण राज्य गेले म्हणून राजा ग्रंथांकडे वळला, यातला ‘म्हणून’ त्या पाच ठिपक्यांत कोठे बसत नाही. इतिहास म्हणजे गोष्टींची यादी नव्हे. तो गोष्टींमधील नाते आहे. कीर्तनकार ज्या सांध्यावर पूर्वरंग आणि उत्तररंग जुळवितो, तो सांधा यंत्राला जुळविता येईलही; पण आपणास काय सांगावयाचे आहे, हे आधी ठरल्यावाचून तो कोणाकडूनच जुळत नाही.

या कसोटीवर आमचा निवाडा असा. स्वतःचा अहवाल, टिप्पणी वा लेख आधी तयार असेल तर कोपायलट किंवा गॅमाची मजकूर जसाच्या तसा ठेवणारी पद्धत उपयोगी. श्रम वाचतात आणि भर फारशी पडत नाही. चार-सहा ग्रंथांतून सार काढावयाचे असेल तर नोटबुकएलएमचा वर्ग बरा, कारण आधार उघडून पाहता येतो. मात्र तो खरोखरच उघडून पाहिला पाहिजे. समारंभाचे निमंत्रण, स्नेहसंमेलनाची चित्रे यांस कॅनव्हा उत्तम. केवळ विषयाचे नाव देऊन इतिहासाचा स्लाईडसंच मागणे मात्र कोणत्याच साधनाकडे श्रेयस्कर नाही. देवनागरीविषयी एक सूचना करावीशी वाटते: जेथे अक्षरे टंकातून येतात तेथे जोडाक्षरे नीट उमटतात, जेथे साधन अक्षरांसकट सबंध चित्रच काढते तेथे काना, मात्रा आणि रफार एकेक करून तपासावेत.

सरकारी नोकरांपुढे आणखी एक मर्यादा आहे. २९ जानेवारी २०२५ च्या सूचनेने अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना, कचेरीच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, असे बजावले. कारण सरकारी कागदपत्रांची गुप्तता. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या देशी कंपनीचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले. या संचात झोहो शो हे स्लाईडचे साधन आहे. कंपनीचे एक संस्थापक श्रीधर वेंबू यांचे घराणे याच तंजावर जिल्ह्यातील एका खेड्याचे, हा योगायोग आम्हां तंजावरकरांस सुखावतो. परंतु साधन देशी असो वा विदेशी, आपल्या विभागाची परवानगी काय आहे हे पाहिल्यावाचून फाईलमधील एक ओळही त्यात घालू नये.

मसुदा कोणीही करो, जबाबदारी सही करणाराची, हा कचेरीचा जुना नियम आहे. आम्हां कारकुनांस तो पहिल्याच वर्षी शिकविला जातो. स्लाईडवर सही करण्याची प्रथा नाही; म्हणूनच तेथे हा नियम विसरला जातो. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना तंजावरचा इतिहास बखरीतून किंवा मोडी कागदांतून कळणार नाही. तो मंडळाच्या सभागृहातील पडद्यावरून कळेल; आणि त्यांतला एखादा मुलगा तीच स्लाईड पुढे आधार म्हणून दाखवील. आज आपण न तपासता मांडलेले उद्या पुराव्याच्या जागी बसेल, आणि पुढचे यंत्र त्यावरच शिकेल.

तेव्हा यंत्राला पाथरवटाचे काम खुशाल द्यावे. तो हात जलद आहे, नीटस आहे आणि थकत नाही. पण चिटणिसाची जागा त्याला देऊ नये. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांना खुला आहे. देवळाच्या भिंतीवरील अक्षरे तर दिवसाउजेडी कोणीही वाचावीत. बदलीच्या निमित्ताने या बाजूस येणाऱ्या मराठी माणसाने एक रविवार त्या भिंतीपुढे काढावा, दोन ओळी स्वतः उतरून घ्याव्यात, आणि मग हवे त्या साधनाने त्यांची स्लाईड करावी. त्या स्लाईडच्या तळाशी ‘बृहदीश्वर मंदिर, शिलालेख, सन १८०३’ एवढे लिहिले की पुरे.